छातीत धडधडतं आणि रिपोर्ट नॉर्मल येतात तेव्हा

रात्री अंथरुणावर पडलं की छातीत फडफड सुरू होते. सकाळी एसटीने तालुक्याला जावं, तर ईसीजी एकदम चोख. असं दोनदा झालं की डॉक्टर म्हणतात "टेन्शन घेऊ नका", आणि तिथूनच खरं टेन्शन सुरू होतं. साधा ईसीजी जेमतेम दहा सेकंदांची नोंद घेतो. तेवढ्यात ठोका चुकला नाही, तर कागदावर काहीच उमटत नाही. म्हणून पहिलं काम धडधड चालू असताना तिला पकडायचं. दुसरं काम, ती निरुपद्रवी निघाली की तिच्यावर पहारा ठेवणं बंद करायचं. दुसरं जास्त कठीण आहे.

आधी हे बघा

धडधडीबरोबर छातीवर दाब येत असेल, कळ हातात, जबड्यात किंवा पाठीत जात असेल, दम लागत असेल, चक्कर येऊन पडायला झालं असेल, तोंड वाकडं झालं किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर पुढचं वाचत बसू नका. १०८ ला फोन करा. चढ चढताना किंवा काम करताना मध्येच धडधडून शुद्ध हरपली असेल, आधीपासून हृदयाचा आजार असेल, किंवा घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलं असेल, तर लक्षण किरकोळ वाटलं तरी तपासणी टाळू नका. स्वस्थ बसूनही नाडी १२० च्या वर राहत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

"गॅस झालाय, सोडा घे" या वाक्यापायी आपल्याकडे बराच वेळ वाया जातो. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना हार्ट अटॅकमध्ये ठसठशीत कळ येईलच असं नाही. नुसता घाम, मळमळ आणि जीव घाबरा होणं एवढंच असू शकतं.

१०८ वर बोलताना गावाबरोबर वाडी, जवळचं देऊळ किंवा शाळा सांगा. घर पाखाडीखाली (उतारावरच्या दगडी पायवाटेखाली) असेल तर एका माणसाला बॅटरी घेऊन वर रस्त्यावर उभं करा. यात वाचलेली दहा मिनिटं मोलाची असतात.

कोकणात आणखी एक कारण विसरून चालत नाही, ते म्हणजे विंचू. चिरे उचलताना किंवा लाकडं काढताना लाल विंचू चावला आणि थोड्या वेळात घाम, उलटी, गार हातपाय आणि धडधड सुरू झाली, तर ती घाबरल्याची धडधड नव्हे. ते विष हृदयावर चढतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला. पण ते औषध डॉक्टरांच्याच हातून घ्यायचं. मंत्र घालायला थांबू नका.

नाडी कशी मोजायची

तर्जनी आणि मधलं बोट अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर ठेवा. अंगठ्याने मोजू नका, त्यात त्याची स्वतःची नाडी लागते. ठोके एकसारखे असतील तर ३० सेकंद मोजून दुप्पट करा, वेडेवाकडे असतील तर पूर्ण ६० सेकंद मोजा. मोठ्या माणसाची विश्रांतीतली नाडी ६० ते १०० असते. ऑक्सिमीटर किंवा मनगटी घड्याळ अनियमित ठोक्यांत चुकीचा आकडा दाखवू शकतं, त्यामुळे बोटांवर जास्त भरवसा ठेवा.

आकड्यापेक्षा ताल महत्त्वाचा. डॉक्टरांसमोर टेबलावर बोटाने तो वाजवून दाखवा.

• सगळं ठीक, मध्येच एक लवकर ठोका, मग क्षणभराचा खंड आणि एक जोरदार धक्का: हे आगंतुक ठोके. त्या खंडात हृदयात जास्त रक्त भरतं, म्हणून पुढचा ठोका छातीवर आपटल्यासारखा वाटतो. निरोगी हृदयातही ते येतात. डाव्या कुशीवर झोपलं की जास्त जाणवतात.
• बटण दाबावं तशी सुरुवात, १५० ते २०० चा वेग, आणि तसंच अचानक थांबणं: हृदयातल्या विजेच्या वाटेचा घोटाळा असू शकतो. यावर नेमका इलाज आहे.
• ठोक्यांना कसलाच ताल नाही, विशेषतः साठीच्या पुढे: हे दाखवायलाच हवं. यात रक्ताची गुठळी मेंदूत जाण्याचा धोका असतो.
• हळूहळू चढणारी, काळजीबरोबर वाढणारी आणि हळूहळू उतरणारी धडधड: बहुतेक वेळा भीतीची किंवा थकव्याची.

दोन आठवडे वही ठेवा. वेळ, किती मिनिटं, नाडी, त्याआधी काय खाल्लं-प्यायलं, झोप किती झाली, पाळी कधी होती, एवढं पुरे. धडधड सुरू असतानाच जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा दवाखान्यात ईसीजी निघेल का, हे आधीच विचारून ठेवा. रोज त्रास होत असेल तर २४ किंवा ४८ तासांचं होल्टर (अंगावर बांधून सतत ईसीजी घेणारं छोटं यंत्र) लावता येतं. आठवड्यातून एकदाच होत असेल तर जास्त दिवसांचं मॉनिटर मागा, नाहीतर पुन्हा कोरा कागद हातात येईल. रक्तात हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि पोटॅशियम बघून घ्या.

घरातली कारणं

मशेरी. बायका डॉक्टरांना हे सांगत नाहीत, कारण ती तंबाखू वाटतच नाही. पण सकाळ-दुपार मशेरी लावली की निकोटिन हिरड्यांतून थेट रक्तात जातं आणि नाडी वाढते. त्याखालोखाल चहा. कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाच्या चहातलं निम्मं रात्री अकरालाही अंगात असतं. चहा एकदम तोडू नका, डोकं दुखेल. चारनंतरचा कप आधी बंद करा.

वैशाखात आंबा काढणीच्या दिवसांत घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जातं, मग हृदय वेग वाढवून भरपाई करतं. नुसतं पाणी ढोसू नका. मीठ घातलेलं कोकम सरबत किंवा ओआरएस घ्या. बीपी किंवा किडनीचा आजार असेल तर मीठ आणि शहाळं दोन्ही डॉक्टरांना विचारून. गणपतीत जागरणं, अर्धवट उपवास आणि वर माडीची दारू, हे त्रिकूट तर हमखास. भातलावणीनंतर तापासोबत धडधड असेल तर लेप्टोची (चिखल-पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) तपासणी करा. तापाच्या दर अंशाला (सेल्सिअस) नाडी साधारण दहाने वाढते.

औषधांत दम्याचा पंप, सर्दीच्या गोळ्या आणि थायरॉइडचा जास्त झालेला डोस हे नेहमीचे गुन्हेगार. शेजाऱ्याची सॉर्बिट्रेट (छातीच्या कळेवर जिभेखाली ठेवायची गोळी) धडधडीवर घेऊ नका. तिने बीपी उतरतं आणि हृदय उलट जोरात पळतं. प्रोप्रानोलॉल हे नाडी मंदावणारं औषध दमेकऱ्याला घातक ठरू शकतं.

धडधड सुरू झाली की

उठून बसा, पाय जमिनीला टेकवा. वरच्या धोक्याच्या खुणा एकदाच तपासा. त्या नसतील तर घोटभर पाणी घ्या. नाकाने चार मोजत श्वास आत, ओठ किंचित मिटून सहा मोजत बाहेर, असं पाच मिनिटं. खोल श्वास ओढू नका. भीतीत माणूस आधीच जास्त श्वास घेतो, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड कमी होऊन बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. मग "आता अटॅकच" असं वाटतं, अॅड्रेनलिन आणखी सुटतं आणि नाडी आणखी चढते. लांब सोडलेल्या श्वासाने हे चक्र मंदावतं. भीतीचा झटका बहुधा काही मिनिटांत टोकाला जाऊन ओसरू लागतो.

बटणासारखी सुरू होणारी धडधड असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं असेल आणि परवानगी दिली असेल, तर अर्धवट बसून १० मिलीच्या रिकाम्या सिरिंजमध्ये दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंका. लगेच आडवे व्हा आणि दुसऱ्याला तुमचे पाय ४५ अंशांत १५ सेकंद उचलून धरायला सांगा. मानेची नस चोळू नका.

तपासण्या झाल्यावर

डॉक्टरांनी हृदय ठीक म्हटलं की वही बंद आणि ऑक्सिमीटर कपाटात. इथे लोक नेमकं उलट करतात, दिवसातून वीसदा बोट लावतात. सतत लक्ष ठेवलं की साधा ठोकाही मोठा वाटतो. एकदम सुटत नसेल तर दिवसातून दोन वेळा ठरवा, पुढच्या आठवड्यात एक करा, मग तीही सोडा. घरच्यांनीही "आता कसं वाटतंय?" विचारणं थांबवावं.

धडधडेल म्हणून पाखाडी चढणं सोडलं असेल, तर सपाटीवर दहा मिनिटांनी सुरुवात करा आणि दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. मग अर्धी पाखाडी, मग पूर्ण. चढावर नाडी १२०-१३० होणं हे हृदयाचं कामच आहे, थांबल्यावर ती काही मिनिटांत उतरायला हवी. भीतीपायी बाजाराला जाणं किंवा एकटं झोपणं सुटलं असेल, तर १४४१६ या टेलिमानसच्या (मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या) मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातही जा, जाताना होल्टरचा रिपोर्ट न्या, आणि झोपेची गोळी दिली तर ती किती दिवस घ्यायची व कशी कमी करायची ते तिथेच लिहून घ्या.