सव्वापाचची गाडी आणि पहिले सत्र

मी ज्या महाविद्यालयातून बी. ए. झाले, ते यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आहे. दोन मजली इमारत, समोर कडुलिंबाची झाडे, मागे पटांगण आणि पटांगणाच्या तारेपलीकडे लगेच कोणाची तरी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. माझे गाव तेथून २२ किलोमीटरवर असून परतीची शेवटची एसटी सव्वापाचला सुटत असे. तीन वर्षांत कोणत्या कार्यक्रमाला मी शेवटपर्यंत थांबले आणि कोणत्या कार्यक्रमातून मध्येच उठून निघाले, हे पुष्कळदा या गाडीनेच ठरवले. यंदा अशाच एखाद्या लहान महाविद्यालयात प्रवेश घेतलेल्या आणि खेड्यातून ये-जा करणाऱ्या मुलामुलींना पहिल्या सत्राचा अंदाज यावा, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. स्नेहसंमेलन आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे निवासी शिबिर सोडले, तर वर्षभरातील बहुतेक उपक्रम जुलै ते डिसेंबर या पहिल्याच सत्रात दाटीवाटीने येतात, आणि त्याच काळात शेतीची कामेही अंगावर येतात. त्यामुळे सगळ्यांत नाव द्यायचे आणि कशालाच पुरे पडायचे नाही, अशी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची गत होते. एखादा मैदानी किंवा रंगमंचीय उपक्रम आणि त्याच्या जोडीला राष्ट्रीय सेवा योजना, एवढे माझ्या मते पुरे आहे. लहान महाविद्यालयाचा फायदा असा, की पटावर साठ नावे असली तरी वर्गात पंचवीस जण असतात आणि त्यांतले हात वर करणारे चार. शहरातल्या महाविद्यालयात निवड चाचणीच्या रांगेत उभे राहावे लागते, असे ऐकले आहे. आमच्याकडे सरच वर्गात येऊन "अजून दोघं पाहिजेत" असे म्हणतात.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, देशातील ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करावयाचे असते आणि सात दिवसांचे एक विशेष शिबिरही करावे लागते. नावनोंदणी प्रवेशानंतर लवकरच होते आणि जागा मर्यादित असतात. माझ्या पहिल्या वर्षी ही सूचना फलकावर लागली, त्या आठवड्यात झडी होती. आमच्या गावाजवळच्या नाल्याला पूर आल्याने चार दिवस गाडीच आली नाही. पाचव्या दिवशी मी पोहोचले तेव्हा यादी पूर्ण झालेली होती. दुसऱ्या वर्षी नाव घातल्यामुळे पदवीचे शेवटचे वर्ष आणि उरलेले १२० तास एकाच वेळी अंगावर आले. म्हणून तालुक्याच्या गावातच राहणाऱ्या एखाद्या वर्गमैत्रिणीला पहिल्या आठवड्यातच सांगून ठेवावे, की फलकावर काहीही नवे लागले तर त्याचा फोटो काढून पाठव. वर्गाचा व्हॉट्सअॅप गट असतो, पण त्यावर सुप्रभाताच्या फुलांखाली सूचना सापडत नाही.

ऑगस्ट-सप्टेंबरातील दिवसविशेषांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. १५ ऑगस्टचे ध्वजारोहण, २९ ऑगस्टचा क्रीडा दिन, ५ सप्टेंबरला विद्यार्थ्यांनी घेतलेले तास, मध्ये पोळा आणि तान्ह्या पोळ्याच्या सुट्ट्या. एवढेच सांगते, की ध्वजारोहणाच्या दिवशी आमच्या गावची पहिली गाडी तालुक्याला पोहोचेपर्यंत झेंडा फडकून जिलबीही वाटून झालेली असते. त्यामुळे आदल्या रात्री मैत्रिणीकडे मुक्कामाला जावे लागते आणि घरी ते आधीच सांगून ठेवावे लागते.

खरी धांदल युवा महोत्सवाची. आमचे महाविद्यालय संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहे आणि विद्यापीठाच्या युवा महोत्सवात समूहगान, लोकनृत्य, एकांकिका, मूकनाट्य, वक्तृत्व, रांगोळी, स्थळचित्र, मृदामूर्ती असे कितीतरी प्रकार असतात. दुसऱ्या वर्षी आम्ही सहा जणांनी प्रहसन बसवले. शेतकरी मुलासाठी स्थळ शोधायला निघालेले घर, हा विषय होता. तो आमच्यापैकी प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी घडलेला असल्यामुळे संहिता लिहायला दोनच दुपारी लागल्या. तालीम मात्र जमेना. तास चार वाजता संपत, त्यानंतर कोणी चहाला जाई, कोणाला दाखला काढायचा असे, आणि सगळे जमेपर्यंत पावणेपाच होत. आठवडा असा वाया गेल्यावर मराठीच्या मॅडमनी तालीम सकाळी ठेवली. आमची पहिली गाडी सात चाळीसला पोहोचत असे आणि तास साडेदहाला सुरू होत, म्हणजे मधले जवळजवळ तीन तास आम्ही रोज नुसतेच कडुलिंबाखाली बसून घालवत होतो, हे तोपर्यंत कोणाच्या लक्षातच आले नव्हते. ग्रंथालयासमोरच्या व्हरांड्यात आम्ही तीन आठवडे तालीम केली. ये-जा करणाऱ्यांनी हा सकाळचा वेळ आपला समजावा.

प्रहसनाला दहा मिनिटे मिळतात. आम्ही घड्याळ लावून बरोबर दहा मिनिटांचे प्रहसन बसवले होते आणि तीच चूक ठरली. व्हरांड्यात हसायला कोणी नव्हते. महोत्सवात लोक हसले, हशा ओसरेपर्यंत आम्हाला थांबावे लागले, आणि शेवटचे दोन संवाद घंटा वाजल्यानंतर झाले. गुण गेले. तुम्ही बसवाल ते साडेआठ मिनिटांत संपेल असे बसवा. दुसरे म्हणजे खरी साधने आणण्याचा हट्ट धरू नका. नवरदेवाच्या पाठीवर फवारणीचा पंप हवा, म्हणून आमच्यातील एकाने घरचा पंप आणला. नळाखाली तीनदा धुऊनही त्याचा वास गेला नाही. पहिल्या रांगेतील एका परीक्षकांनी नाकाला रुमाल लावला, तो आमचे प्रहसन संपेपर्यंत. पुठ्ठ्याचा पंप चालला असता, आणि फवारणीचा पंप अंगाशी बाळगणे धोक्याचे आहे, हे आमच्यापैकी कोणालाही शिकवायची गरज नव्हती.

महोत्सवाला जाताना ओळखपत्र, दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांच्या प्रती आणि छायाचित्रे जवळ ठेवावीत. सगळ्या अर्जांवर नाव गुणपत्रिकेवर जसे आहे तसेच लिहावे. माझ्या एका प्रमाणपत्रावर वडिलांचे नाव वगळले गेले आहे आणि दुसऱ्यावर ते चुकीचे आहे. दोन्ही माझीच आहेत, हे मला अजून समजावून सांगावे लागते.

दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन सोंगणीला येते आणि महाविद्यालय ओस पडते. उपक्रमांविषयीच्या कोणत्याही माहितीपत्रकात हा मुद्दा नसतो, पण आमच्या भागात तोच सर्वांत मोठा आहे. सोयाबीन साधारण शंभर दिवसांचे पीक. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात ते वाळते आणि नंतर थांबत नाही, शेंगा तडकतात. वरून परतीच्या पावसाची भीती असते आणि मजूर तर एकाच वेळी सगळ्यांना हवे असतात. अशा वेळी "माझी वक्तृत्व स्पर्धा आहे" असे घरी म्हणायला तोंड होत नाही. माझ्या आईचे एकच उत्तर असे, "सोयाबीन घरी येऊ दे, मंग कुठं जायाचं तं जाय." तिच्याशी वाद घालण्यापेक्षा मी पुढे एक मार्ग काढला. ऑगस्टमध्येच संभाव्य तारखा सरांना विचारून त्या घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवल्या, आणि त्या बदल्यात रविवार व सुट्टीचे दिवस शेताला दिले. पुढे कापूस वेचणीतही हाच हिशेब चालला. काही प्राध्यापक हे जाणून असतात. आमच्या मॅडम तारीख ठरवण्यापूर्वी वर्गाला विचारत, की तुमच्याकडची सोंगणी किती उरली आहे. मात्र उपस्थितीचा नियम ७५ टक्क्यांचा आहे आणि शिष्यवृत्तीचा अर्जही त्याच्याशी जोडलेला असतो, त्यामुळे या काळातील गैरहजेरीची नोंद आपण स्वतः ठेवावी.

ऑक्टोबरात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी येते. महाराजांचे निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले. त्यांचा आश्रम असलेल्या गुरुकुंज मोझरीला दरवर्षी सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली वाहिली जाते, आणि आमच्या महाविद्यालयात त्या निमित्ताने सामुदायिक प्रार्थना होते. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला ज्याला भाषण नको, त्याने पुस्तक वाचून दाखवले तरी चालते. पहिल्यांदा माईकसमोर उभे राहण्यासाठी यापेक्षा सोपी जागा नाही.

ज्यांना रंगमंच नकोच, त्यांनी 'आविष्कार' या संशोधन स्पर्धेचा विचार करावा. राज्यातील विद्यापीठांमध्ये ती २००६ पासून होते. तिचे सहा विभाग आहेत आणि मानव्यविद्या, भाषा व ललित कला यांचाही त्यांत समावेश असल्याने ती केवळ विज्ञानवाल्यांची नाही. आम्ही दोघींनी गावातील विहिरींची पाणीपातळी पावसाळा संपल्यापासून दर रविवारी मोजली. सुताच्या दोरीला हाताहातावर गाठी मारून ती विहिरीत सोडायची, ओली झालेली शेवटची गाठ मोजायची आणि वहीत लिहायचे. भित्तिपत्रक नेटके झाले होते. परीक्षकांनी ते शांतपणे वाचले आणि विचारले, "सुताची दोरी भिजली की आखडते, ते तुम्ही धरलं का?" आम्ही धरले नव्हते. आमची फेरी तिथेच संपली, पण त्यानंतर मी कोणताही आकडा कशाने मोजला हे विचारल्याशिवाय मानत नाही. मोजपट्टी घ्या, लोखंडी टेप बाजारात मिळतो.

२६ नोव्हेंबरला संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन होते आणि त्या सुमारास परीक्षेचे वेळापत्रक लागते. परीक्षेच्या गडबडीत २० डिसेंबर येतो. गाडगे महाराजांनी १९५६ साली याच दिवशी, अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर पेढी नदीच्या काठी देह ठेवला. विद्यापीठच त्यांच्या नावाचे असल्यामुळे आमच्याकडे या दिवशी हार-भाषणे थोडक्यात आटोपून खराटे वाटले जातात. घरून एखादा खराटा आणला तर बरे, कारण महाविद्यालयातले निम्मे खराटे मुठीशी सुटलेले असतात. या कार्यक्रमाला शेवटपर्यंत थांबायला हरकत नाही. झाडायचे असते ते बसस्थानकच, त्यामुळे सव्वापाचची गाडी चुकत नाही.