दयाळ कसा ओळखावा
बागेत किंवा विरळ झाडीत शेपटी उभी धरून जमिनीवर टुणटुण उड्या मारणारा, साधारण 19 सेंटिमीटर लांबीचा काळा-पांढरा पक्षी दिसला, तर तो दयाळ असण्याची शक्यता बरीच असते. नराचे डोके, पाठ व छाती चकचकीत निळसर काळी, पोट पांढरे आणि पंखावर ठळक पांढरा पट्टा असतो. मादीच्या अंगावर मात्र काळ्याऐवजी राखाडी छटा असल्यामुळे घाईत तिला वेगळाच पक्षी समजण्याची चूक होते.

खरा घोळ चिरक या पक्ष्यामुळे होतो. तोही शेपटी उभारतो. पण त्याच्या नराचे पोट काळे असते व शेपटीखाली तांबूस रंग दिसतो, तर दयाळाच्या शेपटीच्या कडेची पिसे पांढरी असून उडताना ती स्पष्ट उठून दिसतात.

आवाजावर विसंबताना जरा जपून राहावे. विणीच्या काळात उंच फांदीवर बसून पहाटे गाणारा नर मधूनच इतर पक्ष्यांच्या नकला करतो (आणि त्या चांगल्याच वठवतो), म्हणून गाणाऱ्याला प्रत्यक्ष पाहूनच खात्री करावी.