फोमवर घडवलेला बंपरचा ओठ

म्हापशाला माझं छोटं गॅरेज आहे. बंपरखाली फायबरचा ओठ, म्हणजे पुढे आलेली खालची पट्टी, हवा असला की साचा मी पीयू फोमचाच करतो, म्हणजे डब्यातून मारला की फुगणाऱ्या पॉलियुरेथेन फोमचा. थर्माकोल घेऊ नका, पॉलिएस्टर रेझिन लागताच तो विरघळतो.

आधी बंपरवर मास्किंग टेप, त्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइल. हातमोजे घालाच. ओला फोम अ‍ॅसिटोननं निघतो, सुकलेला फक्त खरवडून. माझ्या बोटांवर आठवडाभर होता. बायको भाकरी वाढताना नाक मुरडायची.

डबा हलवून उलटा धरा आणि दोन-तीन सेंटिमीटरचे थर मारा. एकदम ढीग घातला तर वर पापुद्रा आणि आत चिकट लगदा. फोम हवेतल्या दमटपणावर सुकतो, म्हणून जूनमध्ये आमच्याकडे भराभर. तरी कापायला दुसरा दिवस उजाडू द्या. पाव कापायची दातेरी सुरी झकास चालते. मग मास्क लावून 80 नंबरचा पॉलिश पेपर.

भोकं पुट्टीनं बुजवा, वर पॅकिंग टेप, टेपवर वॅक्स.

आता काचतंतूंच्या मॅटचे (चौरस मीटरला 450 ग्रॅमवाली) दोन-तीन थर रेझिननं बसवा, रेझिनमध्ये ते घट्ट करणारा हार्डनर 1 ते 2 टक्के. जास्त घातलात तर मग्यातच धूर निघतो. फोमला आवडणारी ओल इथं मात्र वैरीण: दमट मॅट पांढुरकी पडते. वापरण्याआधी मी ती रात्रभर बल्बखाली ठेवतो. फुगे रोलरनं दाबून काढा.

सुकल्यावर फोम आतून पोखरून काढा. बाहेरची बाजू खडबडीतच येते, खरी घासाघाशी तिथून पुढे.