ल्यूर आणि फ्लायसाठी लूप-गाठ: कुठली निवडावी, कशी मारावी

नकली मासळी, म्हणजे ल्यूर, पाण्यात जिवंत वाटते ती डुलण्यामुळे. तंगूस तिच्या नाकाशी आवळून बांधला की तिची मान धरल्यासारखी होते. शेपूट हलते, पण तोंड सरळच राहतं. कड्यात छोटा मोकळा लूप ठेवला की तीच मासळी दोन्ही बाजूंना डोलते. तंगूस जितका जाड, तितका हा फरक जास्त.

पण लूप सगळीकडे घालू नये. ल्यूरच्या नाकाला आधीच स्प्लिट रिंग (किल्ल्यांच्या जुडग्यात असते तसलं दुहेरी कडं) असेल, तर डुलायचं काम ती करते. तिथे आवळ गाठच बरी. उजनी धरणाच्या फुगवट्यात काठाला जलपर्णी आणि शेवाळ असतं. तिथे मरळीसाठी रबरी बेडूक फेकताना लूपमध्ये शेवाळाचा गोंडा अडकतो आणि दर दोन फेकींनी साफ करत बसावं लागतं. बेडकाला आवळ गाठ मारा. लूप मोकळ्या पाण्यासाठी, खडकाळ उतारासाठी: स्प्लिट रिंग नसलेले मिनो (लांबट नकली मासे), पॉपर (पाण्यावर आवाज करत ओढायचे), जिग (शिशाचं डोकं असलेले गळ) आणि पाण्याखाली ओढायच्या फ्लाय (गळावर पिसं-धागे बांधलेली आमिषं), म्हणजे स्ट्रीमर. पाण्यावर तरंगणाऱ्या बारक्या फ्लायला लूपची गरज नाही.

न सरकणारा लूप

एकच गाठ शिकायची असेल तर ही. अमेरिकेतले फ्लाय-मासेमार लेफ्टी क्रे यांनी ती लोकप्रिय केली. ती सरकफास नाही, मासा कितीही ओढो, लूप बंद होत नाही. सरावाला पायजम्याची नाडी आणि किल्लीचं कडं घ्या, तंगूस नंतर.

1. टोकापासून सुमारे 25 सेंमीवर साधी गाठ घाला, पण आवळू नका. बोट जाईल एवढं भोक राहू द्या.
2. मोकळं टोक ल्यूरच्या कड्यातून ओवा आणि सैल गाठ कड्याजवळ सरकवा. गाठ आणि कडं यांतलं अंतर म्हणजेच तुमचा लूप.
3. टोक पहिल्यांदा सैल गाठीतून ज्या बाजूने बाहेर पडलं होतं, त्याच बाजूने परत आत घाला. इथे बाजू चुकली तर गाठ तिरकी बसते आणि ताकद जाते.
4. टोकाने मुख्य तंगुसाला वेढे द्या. किती, ते तंगूस किती पाउंड वजन पेलतो त्यावर: 8 पाउंडांपर्यंत 7, 12 पर्यंत 5, 15 ते 40 ला 4, 50-60 ला 3.
5. टोक पुन्हा सैल गाठीतून, आत्ता ज्या बाजूने बाहेर आलं त्याच बाजूने ओवा.
6. थुंकीने ओलं करा. आधी फक्त मोकळं टोक हळू ओढा, म्हणजे वेढे एकमेकांशेजारी बसतात. मग एका हातात ल्यूर (गळाला हात न लावता), दुसऱ्यात मुख्य तंगूस धरून ठाम ओढा.
7. टोक 2 मिमी ठेवून कापा. ते ल्यूरकडे तोंड करून राहतं, म्हणून कचरा कमी धरतं.

तयार लूप 5 ते 8 मिमीचा हवा, फार तर करंगळीच्या नखाएवढा. मोठा झाला की फेकताना पुढचा गळ त्यातच अडकतो. लूप हवा त्यापेक्षा मोठा होत असेल तर दुसऱ्या पायरीतच सैल गाठ कड्याच्या आणखी जवळ आणा. शेवटी ओढून तो लहान होत नाही. वेढ्यांची संख्याही मनाने वाढवू नका: जाड तंगुसाला सात वेढे दिले तर ते नीट आवळत नाहीत, बारक्याला तीन दिले तर सुटतात. आणि कोरडी गाठ आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने तंगूस पांढुरका पडतो. तसा दिसला की कापा, पुन्हा बांधा.

बाकीच्या गाठी

रापाला गाठ पहिल्या तीन पायऱ्यांपर्यंत हीच आहे. पुढे मुख्य तंगुसाला तीनच वेढे, टोक मागच्या बाजूने सैल गाठीतून, आणि त्यामुळे बनलेल्या नव्या फाशातून एकदा बाहेर. मिनोवर छान बसते, पण थंडीच्या पहाटे गार बोटांनी शेवटची ओवणी जमत नाही.

युनि लूप सरकणारा. टोक कड्यातून ओवून मुख्य तंगुसाशेजारी दुमडा, कड्याकडे वळवून फासा करा, त्या फाशातून दोन्ही पदरांभोवती 4-5 वेढे द्या. टोक ओढून गाठ हवी तिथे सरकवा, मग पक्कडीने टोक घट्ट खेचा. मोठा मासा लागला की हा लूप मिटतो. मासा सुटल्यावर नखाने मागे ढकलून पुन्हा उघडावा लागतो.

फ्लायच्या लीडरला (मुख्य दोरीपुढे जोडलेला तंगुसाचा तुकडा) जोडायचा टोकाचा लूप हवा असेल तर दोर दुहेरी करून साध्या गाठीतून दोनदा काढा. झाला सर्जन लूप.

ब्रेडवर (विणलेल्या दोरीवर) यातली कुठलीही गाठ थेट मारू नका; गुळगुळीत धागा सरकतो. दोन-अडीच फूट तंगूस लीडर म्हणून जोडा आणि लूप त्यावर मारा.

लूपचा तळ तारेच्या कड्यावर सतत घासतो. मरळीचे दातही तिथेच लागतात. प्रत्येक माशानंतर नख फिरवा; खरखरलं तर कापा. कापलेले तुकडे खिशात टाका, उजनीवर हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरतात आणि तंगूस पायात अडकतो. सोलापूरच्या उन्हात डिकीत महिनोन्‌महिने राहिलेल्या रिळावर गाठ कितीही सुबक असली तरी भरवसा ठेवू नये.

घरी तपासायचं तर किल्लीच्या कड्याला गाठ मारा, कडं बादलीच्या कडीला अडकवा, दुसरं टोक आढ्याच्या हुकाला बांधा. बादली फरशीपासून वीतभर वर ठेवा, एकेक लिटर पाणी ओता. एक लिटर म्हणजे एक किलो, 20 पाउंड म्हणजे साधारण 9 किलो. तुटल्यावर टोक पाहा. डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर गाठ सरकली, वेढे कमी पडले. सरळ तुटलं असेल तर तंगूस गाठीतच चिरला: कोरडा आवळला होता किंवा वेढे एकमेकांवर चढले होते.