रोमन पद्धतीने रस्ता कसा बांधावा

साम्राज्य वाढवायचे तर सैन्यामागोमाग रस्ता हवा, हे ओळखून रोमचा अधिकारी ॲपियस क्लॉडियस याने इ.स.पू. ३१२ मध्ये, इटलीतल्याच सॅम्नाइट लोकांशी युद्ध चालू असतानाच, रोम ते दक्षिणेकडील कापुआ शहर या मार्गाचे काम सुरू केले. प्रथम ग्रोमा, म्हणजे आडव्या फुलीच्या चारही टोकांना ओळंबे सोडलेला खांब, रोवावा आणि समोरासमोरचे दोन ओळंबे दूरच्या खुणेशी एका रेषेत येईपर्यंत ती खूण सरकवायला लावावी. मग चर खणून तळ चोपून टणक करावा, त्यावर मोठे दगड, वर खडी अंथरावी आणि महत्त्वाच्या मार्गावर, महाराष्ट्रातील सह्याद्रीत आढळणाऱ्या काळ्या पाषाणासारख्याच, बेसॉल्टच्या फरशा घट्ट बसवाव्यात. मधला भाग उंच ठेवण्यात मुळीच कसूर करू नये, कारण पाणी कडेच्या चरांत उतरले नाही तर सारी मेहनत वाया जाते. शेवटी वाटेवर जमिनी देऊन वसाहती वसवाव्यात. सैन्य पुढे गेल्यावर जिंकलेला मुलूख राखण्याची मोठी भिस्त या वसाहतकऱ्यांवरच असे.