कुर्डी आठवणाऱ्या माणसांकडून गाव लिहून कसं घ्यायचं

दक्षिण गोव्यात साळावली धरणाच्या पाण्यात गेलेल्या कुर्डी गावातली जी माणसं तिथं लहानाची मोठी झाली ती आता आजी-आजोबा झालीत. १९८६ पर्यंत गाव पूर्ण पाण्याखाली गेलं, सहाशेच्या आसपास कुटुंबं वाडे आणि वालकिणी या गावांत आली, आणि त्यांचं बालपण अजून बहुतेक घरांत फक्त तोंडीच आहे. तुमच्या घरात असं कोणी असेल तर हे काम यंदाच करा, पुढच्या वर्षावर ढकलू नका.

सगळ्यात आधी, प्रश्न कसा विचारायचा ते. 'आजी, तुमचं गाव कसं होतं गो?' असं विचारलं की ती म्हणणार 'बरं होतं रे' आणि गप्प. तिचा काही दोष नाही, एवढ्या मोठ्या प्रश्नाला कोण काय सांगणार. त्यापेक्षा विचारा, बांय (विहीर) घरापासून केवढी लांब होती, दोर कोणाचा, पाणी काढायला पहाटे कोण यायचं, रगडो (वाटणाचा दगड) पडवीत होता की मागल्या दारात, शाळेत जाताना न्हंय (नदी) कुठं ओलांडायची आणि पावसाळ्यात काय करायची. बांयचा एक प्रश्न विचारला की शेजारीण येते, शेजारणीबरोबर तिचं भांडण येतं, भांडणाबरोबर फणसाचं झाड येतं जे नक्की कोणाच्या हद्दीत होतं ते अजून ठरलेलं नाही, आणि अर्धा तास कसा जातो कळत नाही. तुम्ही मधे बोलू नका, तारीख विचारून तर अजिबात अडवू नका. साल हवं असेल तर नंतर विचारा, आणि तेही 'गोव्याची मुक्ती झाली तेव्हा तू केवढी होतीस', 'बांदोडकर सांगायला आले तेव्हा लग्न झालं होतं का' असं विचारा, म्हणजे उत्तर बरोबर येतं. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः गावात आले होते, लोकांना सांगितलं की धरणाने दक्षिण गोव्याला पाणी मिळेल, आणि तो दिवस त्या पिढीतल्या बऱ्याच जणांना आठवतो.

रेकॉर्डिंगला फोन पुरतो, फक्त एअरप्लेन मोडवर टाका आणि आजीच्या जवळ पाटावर ठेवा. पंखा बंद करा, उकडलं तरी चालेल, नाहीतर नंतर ऐकताना नुसता पंखाच ऐकू येतो. भाषा जशी येईल तशी राहू द्या, अर्धी कोंकणी अर्धी मराठी असली तरी लिहिताना शुद्ध करू नका. तिच्या तोंडचं वाड्याचं, म्हणजे वस्तीचं, नाव तुम्ही पुस्तकी केलंत की ते नाव गेलंच म्हणून समजा.

मग नकाशा. माझ्या मते हाच खरा गाभा आहे, गोष्टींपेक्षाही. मोठा कागद घ्या, मधोमध तिचं घर काढा आणि तिला वाटेनं चालवा, 'दारातून बाहेर पडलीस, उजवीकडे काय?' तुळस, गोठा, कुळागर (सुपारीची बाग), पसरो (दुकान), देऊळ, इगर्ज (चर्च), एकेक करत कागद भरतो. शक्य असेल तर दोन-तीन म्हाताऱ्यांना एकत्र बसवा कारण ते एकमेकांना खोडून काढतात आणि त्यातच खरं बाहेर येतं. दोघं अडून बसली तर दोन्ही लिहा, नावासकट, निकाल देऊ नका. सोबत जुना एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीचा उतारा) कोणाच्या पेटीत असेल तर काढायला सांगा, त्यावरची शेतांची नावं वाचली की आठवणी आणखी येतात.

मे महिन्यात धरणाचं पाणी उतरून गावाचे अवशेष वर आले की प्रत्यक्ष जा. पाऊस लवकर आला किंवा धरणात पाणी जास्त राहिलं तर कमी दिसतं, त्यामुळे जवळच्या सांगे गावात कोणाला तरी आधी फोन करून विचारा. मे मध्येच सोमेश्वराच्या देवळात आणि चॅपेलात सण होतो, त्या दिवशी जुनी माणसं स्वतःच येतात, म्हणजे तुम्हाला घरोघर फिरावं लागत नाही. सकाळी लवकर निघा, सावली नाही, म्हाताऱ्यांना छत्री, पाणी आणि बसायला हलकी खुर्ची घ्या. पाण्याच्या कडेचा गाळ वरून सुकलेला, भेगा पडलेला दिसतो पण आत पाय रुततो, तिकडे जाऊ नका आणि जुन्या विहिरींच्या काठाशी पोरांना सोडू नका.

तिथे आजी जिथं थांबेल तिथं फोटो काढा आणि लगेच मॅपवर पिन टाका. माझ्या आईने चिऱ्यांच्या नुसत्या रांगेत एक पायरी ओळखली, मधोमध झिजलेली, एका बाजूला उखळ ठेवायचा गोल खड्डा, आणि मग तिथून बोट दाखवत तिने पूर्ण वाडा सांगितला. असं घडतं तेव्हा व्हिडिओ चालू हवा. तिथला एकही दगड उचलून आणू नका, भांड्याचा तुकडासुद्धा नाही, पुढच्या मे मध्ये दुसऱ्या कोणाला तरी त्यावरूनच आपलं घर ओळखायचंय.

कुर्डीचं महादेवाचं प्राचीन देऊळ दगड दगड सोडवून धरणाजवळ पुन्हा रचलं गेलं, आणि १९०४ साली तिथं जन्मलेल्या गायिका मोगूबाई कुर्डीकरांमुळे गावाचं नाव देशभर गेलं. एवढी दोन नावं सगळे घेतात. पण कोणाचं शेत कुठं होतं, शिगम्याचा (शिमग्याचा) मांड, म्हणजे सगळे जमायची जागा, कुठल्या झाडाखाली होता, हे कुणी जपलं नाही, तेवढं तरी आपण करायला हवं.

शेवटी सगळं एका ठिकाणी ठेवा, ऑडिओच्या फाइलला माणसाचं आणि वाड्याचं नाव द्या, एक कॉपी पेन ड्राइव्हवर, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. नकाशा मोठ्या अक्षरात प्रिंट काढून आजीकडे नेऊन द्या आणि लाल पेन तिच्या हातात द्या, ती चुका काढेलच, मग दुरुस्त करून परत प्रिंट काढा.