शिकारीची पहिली रायफल: बोल्ट घ्यावी की सेमी-ऑटो?

दिवाळीच्या आगेमागे अमेरिकेतल्या भाच्या-पुतण्यांचे मेसेज सुरू होतात, कारण टेक्सासात नोव्हेंबरमध्ये हरणाचा सीझन उघडतो. "काका, पहिली रायफल घेतोय. बोल्ट घेऊ की सेमी-ऑटो?" मी तोफखान्यातून निवृत्त होऊन देवळाली कॅम्पात लाम रोडला राहतो. नोकरीत एसएलआर, म्हणजे फौजेची सेल्फ-लोडिंग रायफल, भरपूर वागवली, आणि मुलीकडे टेक्सासला गेलो की जावयाच्या ओळखीच्या रँचवर डुकरांमागे फिरतो. एवढ्या भांडवलावर लोक मला विचारतात. बोल्ट म्हणजे दर गोळीनंतर हाताने पुन्हा भरायची रायफल, सेमी-ऑटो म्हणजे आपोआप भरली जाणारी. उत्तर एका दमात हवं असेल तर पहिली रायफल बोल्टच घ्या. सेमी-ऑटो कुणी घ्यावी आणि का, ते सांगायला मात्र जरा वेळ लागेल.

आधी आपल्या नाशिक जिल्ह्याचं उरकून घेतो, कारण सिन्नर-येवल्याकडचे पाहुणेही हाच प्रश्न विचारतात. इथे हा प्रश्नच उद्भवत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हौसेची शिकार बंद आहे, आणि सेमी-ऑटो रायफल सामान्य माणसाला परवान्यावर मिळत नाही. डुकरं एका रात्रीत मका आडवा करतात, ममदापूरकडची काळविटं पिकात उतरतात, सगळं मान्य. पण त्यावर मार्ग म्हणजे वन खात्याकडे अर्ज, पंचनामा, भरपाई, आणि डुकराच्या बाबतीत फार तर त्यांचीच लेखी परवानगी. काळविटाचं तर नावच काढू नका. पीक राखणीसाठी म्हणून शस्त्र कायद्यात जी बंदूक लिहिली आहे ती ठासणीची आहे. जुन्या वाड्यांतून इछापूरच्या कारखान्याची .३१५ अजून दिसते. ती बोल्टच, सांगाडा ली-एन्फिल्ड या जुन्या ब्रिटिश फौजी रायफलीचा. .३०३ हे फौजेचं काडतूस पडल्यामुळे नागरिकांना निराळ्या काडतुसाची करून दिलेली. आजोबांची असेल तर परवान्याची तारीख सांभाळा. आणि एअरगनला परवाना लागत नाही म्हणून मोरा-सशावर छर्रे मारले, तरी कायद्याच्या लेखी ती शिकारच.

आता परदेशात असलेल्यांसाठी. पुष्कळदा निवड तुमच्या हातात नसतेच, देशच करून टाकतो. ऑस्ट्रेलियाने १९९६ मध्ये पोर्ट आर्थरच्या हत्याकांडानंतर सेमी-ऑटो रायफली सर्वसाधारण शिकाऱ्याच्या हातून काढून घेतल्या. न्यूझीलंडने २०१९ मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींतल्या गोळीबारानंतर बहुतेक सगळ्या बंद केल्या. कॅनडाने २०२० पासून अनेक मॉडेलं बंदीच्या यादीत टाकली. जर्मनीत सेमी-ऑटो चालते, पण शिकारीत ती एकूण तीनपेक्षा जास्त काडतुसांनी भरलेली चालत नाही. ऑकलंड-मेलबर्नकरांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल, बोल्ट घ्या आणि मोकळे व्हा.

अमेरिकेत दोन्ही मिळतात, म्हणून गोंधळही तिथेच. एच-वन-बीवाल्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. इमिग्रंट नसलेल्या व्हिसावर, मग तो नोकरीचा असो नाहीतर माझ्यासारखा पर्यटकाचा, बंदूक विकत घेणं तर सोडाच, जवळ बाळगायलाही मनाई आहे. शिकारीसाठी असलेली मुख्य सवलत म्हणजे तिथल्या एखाद्या राज्याचं मुदतीतलं हंटिंग लायसन्स. टेक्सासात खासगी जमिनीवर, मालकाच्या संमतीने, रानडुक्कर मारायला २०१९ पासून लायसन्स लागत नाही, हे ऐकून आपली मुलं बिनधास्त होतात. ते राज्याचं झालं. बंदूक हातात धरण्याचा नियम केंद्राचा आहे, त्यासाठी तुम्हाला लायसन्स हवंच. ते काढायला टेक्सासात २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. वयामुळे मी त्यातून सुटलो, तरी जावयाच्या शेजारी बसून सगळा कोर्स पाहिला. तुम्हीही मन लावून करा.

मग राज्याचे नियम. कोलोरॅडोत सेमी-ऑटोमध्ये चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतुसाची जागा) धरून सहाच काडतुसं चालतात, आणि मोठ्या जनावरासाठी .२४ इंचापेक्षा बारीक नळी चालत नाही, म्हणजे दुकानात स्वस्त पडते म्हणून घेतलेली .२२३ ची एआर (फौजी धाटणीची सेमी-ऑटो) तिथे हरणाला कामाची नाही. पेन्सिल्व्हेनियाने वर्षानुवर्षं हरणासाठी सेमी-ऑटो रायफल चालू दिलेली नाही. नियम सीझनगणिक बदलतात. चालू वर्षाची पुस्तिका राज्याच्या साइटवर फुकट असते, रायफलीचे व्हिडिओ बघण्याआधी ती वाचा.

आता यंत्र. बोल्ट रायफलीत दाराला कडी घालावी तसा बोल्ट हाताने पुढे सारून खाली दाबायचा. त्याच्या तोंडाशी असलेले लग, म्हणजे उंचवटे, खाचेत बसतात आणि चेंबर बंद होतं. गोळी झाडली की काहीच आपोआप होत नाही. रिकामी पुंगळी तुम्ही बोल्ट मागे ओढेपर्यंत आतच. मॉझरने १८९८ मध्ये ही रचना जी बसवून दिली तिच्यात पुढच्यांनी फेरफार केले, मूळ कल्पना तीच राहिली. १९६२ ची रेमिंग्टन ७०० असो की आजची टिक्का, सगळी त्याच घराण्यातली. सेमी-ऑटोत नळीला पुढे एक बारीक भोक असतं. गोळी त्यापुढे गेली की मागचा थोडा गॅस तिथून निघून पिस्टनला ढकलतो, बोल्ट उघडतो, पुंगळी उडते, स्प्रिंग पुढचं काडतूस आत ढकलते. चाप दर गोळीला नव्याने ओढावा लागतो, पण बाकी सगळं रायफल करते. आमची एसएलआर अशीच. शिकारी रूपात हवी असेल तर ब्राउनिंग कंपनीची बार (बीएआर) ही रायफल १९६७ पासून आहे, आणि एआर पद्धतीच्या तर डझनावारी.

खरा फरक दुसऱ्या गोळीचा. निवड करताना स्वतःला एवढंच विचारा: माझ्यासमोर जनावर एक असणार की कळप? हरणाच्या शिकारीत तुम्ही पहाटेपासून ब्लाइंडमध्ये, म्हणजे लपायच्या आडोशात, बसता, एक नर येतो, आडवा उभा राहीपर्यंत थांबता, एक गोळी. ती नीट बसली तर दुसरी लागत नाही. नीट बसली नाही तर पळत्या हरणावर घाईघाईने मारलेली दुसरी बहुधा पोटात किंवा मागच्या पायात जाते, आणि मग अंधार पडेपर्यंत रक्ताचा माग काढत फिरा. बोल्ट ओढण्यात जो एक सेकंद जातो तेवढ्यात जनावर कसं पळतंय, पाय ओढतंय का, गोळी कुठे बसली, हे डोळा टिपून घेतो. नवख्याला हा सेकंद सक्तीने मिळालेला बरा.

डुकरांचं गणित उलटं. रात्री थर्मलमधून (अंगाची उष्णता दाखवणाऱ्या दुर्बिणीतून) बघितलं तर दहा-पंधराचा कळप माती उकरत असतो, आणि रँचवाल्याला त्यातलं एक नको, जितकी होतील तितकी हवी असतात. पहिल्या आवाजाला कळप फुटतो. इथे बोल्टवाला एक-दोन मारून बघत बसतो, सेमी-ऑटोवाला चार-पाच आडवी करतो, कारण त्याला गाल दस्त्यावरून उचलावा लागत नाही आणि डोळा स्कोपमधून हलत नाही. तुमचं मुख्य काम हे असेल तर सेमी-ऑटो घ्या, .३०८ या काडतुसाची, आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्याचं ऐकू नका.

आवाजाची एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. बोल्ट तुम्ही दोन बोटांनी हळू पुढे सारून आवाज न करता बंद करू शकता. पहाटेच्या शांततेत, ऐंशी यार्डावर हरीण कान टवकारून उभं असताना, हे फार कामाला येतं. सेमी-ऑटोचा बोल्ट असा हळू सोडायचा नसतो. स्प्रिंगच्या पूर्ण जोरानेच तो लॉक होतो, हाताने धरून हळू सोडलात तर अर्धवट बसतो आणि चाप ओढल्यावर नुसतं टक् होतं, किंवा तेही नाही. म्हणून ती लोड करताना खाडकन वाजणारच. जागेवर पोहोचल्याबरोबर, उजाडायच्या बऱ्याच आधी, नळी मोकळ्या दिशेला ठेवून लोड करा आणि सेफ्टी लावून बसा.

यातूनच सुरक्षेचा मुद्दा निघतो. सेमी-ऑटो गोळी झाडल्या क्षणी पुन्हा भरलेली असते. शिकार पडली, सगळे ओरडतात, मिठ्या मारतात, आणि हातातली रायफल तय्यार! बोल्ट रायफलीत गोळी झाडून बोल्ट उघडा ठेवला की बाजूच्या माणसालाही लांबून दिसतं की चेंबर रिकामं आहे. टेक्सासात पावलोपावली काटेरी तारेचं कुंपण ओलांडावं लागतं. सेमी-ऑटोवाल्याने दर वेळी मॅगझिन काढायचं, बोल्ट ओढून चेंबरमधलं काडतूस बाहेर काढायचं, करंगळी घालून चेंबर चाचपायचं, आणि मगच तारेपलीकडे द्यायची. मॅगझिन काढलं म्हणजे रायफल रिकामी, हा समज लोकांच्या डोक्यातून जाता जात नाही.

अचूकतेवरून वाद घालणाऱ्यांना घालू द्या. साधी बोल्ट आज १०० यार्डावर इंच-सव्वा इंचात गोळ्या बसवते, सेमी-ऑटो दीड-दोन इंचात. हरणाच्या छातीवर जिथे मारायचं ती जागा साधारण आठ इंचांची. हिशोब तुम्हीच करा.

धक्क्याच्या बाबतीत सेमी-ऑटोला गुण द्यावे लागतात. आतले भाग मागे-पुढे होताना धक्का थोडा पसरतो, शिवाय ती वजनाला जड. माझी मुलगी अंगाने बारीक आहे, तिला .३०-०६ ची हलकी बोल्ट खांद्याला लागते, .३०८ ची बार लागत नाही. पण नुसत्या धक्क्यापायी सेमी-ऑटो घेऊ नका. ६.५ क्रीडमोर या काडतुसाची बोल्ट घ्या, धक्का कमी आणि हरणाला भरपूर. डावखुऱ्यांनी सेमी-ऑटो आधी झाडून बघावी, उजवीकडून उडणारी पुंगळी नाकासमोरून जाते. बोल्ट डाव्या हाताच्याही मिळतात.

सफाई. इथे माझ्यातला फौजी जागा होतो, थोडं सोसा. एसएलआरचा गॅस प्लग काढला की त्यावर काळा थर घट्ट बसलेला असायचा, पुसून न निघणारा, खरवडायलाच लागायचा. पिस्टनच्या डोक्यावर तसाच. उस्तादजी प्लगवर रुमाल फिरवून बघायचे. सेमी-ऑटो घेतलीत म्हणजे हे तुमच्या घरी आलं. गॅसचं भोक, पिस्टन, बोल्टचं तोंड, एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या भागाच्या) नखाखालची खाच, सगळं खोलून साफ करायचं आणि उलट्या क्रमाने जोडायचं. तेल जास्त झालं तर टेक्सासची धूळ त्यावर बसून लेप होतो, कमी झालं तर अडखळते. बोल्ट रायफलीला चेंबरकडून सळई आणि चिंदी घाला, चिंदी पांढरी येईपर्यंत. बोल्ट पुसा, लगच्या मागे थेंबभर ग्रीस, झालं. स्कूटरची सर्व्हिसिंग दोन वर्षं पुढे ढकलणाऱ्या माणसाने सेमी-ऑटो घेऊ नये, असं मी जावयाला तोंडावर सांगितलं. त्याने बोल्ट घेतली.

पैशाचं थोडक्यात: पाचशे-सहाशे डॉलरला नवी बोल्ट उत्तम मिळते, .३०८ ची शिकारी सेमी-ऑटो सहसा हजाराच्या पुढे. वाचलेला पैसा स्कोपवर घाला.

दुकानात गेलात की नाव विचारण्याआधी रायफल खांद्याला लावा. चेंबर रिकामं आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा, डोळे मिटून दस्ता खांद्याला टेकवा, मग डोळे उघडा. स्कोपमध्ये काळी कड न दिसता पूर्ण वर्तुळ दिसलं तर दस्ता तुमच्या मापाचा. मग गाल न उचलता बोल्ट चालवून बघा. मान मागे घ्यावी लागत असेल किंवा अंगठा स्कोपला घासत असेल तर दुसरी मागा. परवानगी घेऊन, नळी सुरक्षित दिशेला धरून, चाप ओढून बघा, खरखर न होता सुटला पाहिजे. सेमी-ऑटो बघत असाल तर दुकानदारालाच गॅसचे भाग खोलून जोडायला सांगा. त्यालाच वेळ लागला तर तुमचं काय होईल ते कळेल.

घेतल्यावर सरळ रँचवर जाऊ नका. दोन-तीन कंपन्यांची काडतुसं थोडी थोडी आणा, रेंजवर टेकूवरून १०० यार्डावर तीन-तीनचे गट पाडा, मध्ये नळी निवू द्या. सेमी-ऑटोला हे जास्तच लागतं, एखादं काडतूस तिला पचतच नाही. ज्याचा गट सगळ्यात दाटीचा तेच ठरवा, त्या काडतुसावर स्कोपचा नेम जुळवा, आणि त्याच लॉटच्या चार-पाच पेट्या एकदम घेऊन ठेवा, कारण नोव्हेंबर उजाडला की .३०८ आणि क्रीडमोरची फळी आधी रिकामी होते.